विहीर रानात, यार्ड गावात
सरोवराकाठच्या एका लहान नगराची आणि तेलसेवा व्यवसायांची कहाणी

खनिज तेलाचा विषय निघाला की डोळ्यांसमोर उभे राहतात ते उंच मनोरे, समुद्रातील फलाट आणि अजस्र शुद्धीकरण कारखाने. या भव्य चित्रात एक घटक सहसा दिसत नाही. विहीर खोदणाऱ्याला पाणी आणून देणारा टँकर, बिघडलेला पंप रात्रीतून दुरुस्त करणारा कारागीर, चिखलात लाकडी फळ्यांचा रस्ता अंथरणारा कंत्राटदार, कामगारांचे जेवण रांधणारा खानावळवाला या सर्वांचा मिळून जो व्यवसाय होतो त्याला तेलसेवा उद्योग म्हणतात. तेल कंपनीचे मुख्यालय शेकडो किलोमीटर दूर असते. सेवा व्यवसायाला मात्र विहिरीच्या जवळपासच बिऱ्हाड करावे लागते. मुंबई हायच्या फलाटांना रसद पुरविणारा न्हावा येथील तळ किंवा अंकलेश्वर परिसरात वाढलेल्या कार्यशाळा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

हे बिऱ्हाड आपल्याच गावी यावे यासाठी जगातील अनेक लहान गावे प्रयत्न करीत असतात. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातील स्लेव्ह लेक हे असेच एक नगर. त्याची लोकसंख्या जेमतेम सात हजार. पूर, आग आणि तेलाच्या भावाची घसरण या तिन्ही आपत्ती या नगराने सोसल्या आहेत. उद्योग गावात आणणे आणि तो गावात टिकविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या नगराच्या अनुभवावरून जितके स्पष्टपणे समजते तितके एखाद्या मोठ्या शहराच्या उदाहरणावरून समजणार नाही.

सरोवर, नदी आणि नगर

अल्बर्टाची राजधानी एडमंटन. तेथून वायव्येस सुमारे अडीचशे किलोमीटरवर लेसर स्लेव्ह लेक हे विस्तीर्ण सरोवर आहे. त्याची लांबी शंभर किलोमीटरच्या आसपास असून क्षेत्रफळ अकराशे चौरस किलोमीटरहून अधिक आहे. सरोवराच्या आग्नेय टोकाशी, जेथून लेसर स्लेव्ह नदी बाहेर पडते तेथे, हे नगर वसले आहे. नावातील ‘स्लेव्ह’ या शब्दाचा मळ्यांवरील गुलामगिरीशी संबंध नाही. शेजारच्या देने लोकांसाठी क्री भाषेत जो शब्द होता, त्याचे इंग्रज व्यापाऱ्यांनी केलेले भाषांतर नकाशावर कायम झाले.

पूर्वी या वस्तीला सॉरिज म्हणत. आगबोटींच्या काळात ती नदी-सरोवराच्या वाटेवरील एक थांबा होती. १८९९ मध्ये ब्रिटिश राजसत्ता व येथील मूळ रहिवासी यांच्यातील आठवा करार याच सरोवराच्या काठी प्रथम झाला. १९२२ मध्ये वस्तीचे नाव स्लेव्ह लेक झाले. १९३० च्या दशकातील पुरानंतर सबंध वस्ती उचलून आजच्या जागी आणण्यात आली. तोवर मासेमारी, फरचा व्यापार आणि लाकूड हीच उपजीविकेची साधने होती.

१९६४ मध्ये जवळच मिट्सू तेलक्षेत्राचा शोध लागला, त्यापाठोपाठ निपिसी क्षेत्र सापडले आणि चित्र पालटले. १९६५ मध्ये स्लेव्ह लेकला रीतसर नगराचा दर्जा मिळाला. येथून उत्तरेकडे जाणारा ८८ क्रमांकाचा महामार्ग तेलाच्या आणि लाकडाच्या प्रदेशाची वाट ठरला. परिसरात लाकूड, प्लायवुड व लगद्याचे कारखानेही आले. तेल मंदावले तर लाकूड आणि लाकूड मंदावले तर तेल, असा आधार नगराला काही अंशी मिळाला. दोन्ही एकाच वेळी मंदावतात तेव्हा मात्र हा आधार अपुरा पडतो.

तेलसेवा म्हणजे नेमके काय?

एका विहिरीच्या आयुष्याचे तीन टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्याला वेगळे सेवेकरी लागतात.

पहिला टप्पा खोदकामाचा. जंगलात रस्ता काढणे, जागा सपाट करणे, रिग आणणे, खोदकामाचे द्रव पुरविणे, विहिरीत पोलादी नळ बसवून त्याभोवती सिमेंट भरणे ही कामे या टप्प्यात येतात. यात पैसा मोठा आणि घाईही मोठी. परंतु भाव पडले की हीच कामे सर्वांत आधी थांबतात.

दुसरा टप्पा उत्पादनाचा. पंपांची देखभाल, टाक्यांची स्वच्छता, तेलाची व पाण्याची वाहतूक, वीज व उपकरणांची दुरुस्ती, विहिरीतील नळ बाहेर काढून पुन्हा बसविणाऱ्या लहान रिगचे काम, हे वर्षानुवर्षे चालते. भाव पडले तरी चालू विहिरीची निगा राखावीच लागते. या कामात नफा माफक असला तरी सातत्य असते.

तिसरा टप्पा विहीर बंद करण्याचा. तिच्यात सिमेंटचा बूच घालणे, जमिनीवरील सामग्री हलविणे, दूषित माती काढणे आणि जमीन पूर्ववत करणे हे काम कायद्याने बंधनकारक आहे. पूर्वी तेल कंपन्या ते पुढे ढकलीत. २०२२ पासून अल्बर्टाच्या ऊर्जा नियामकाने या कामावर दरवर्षी किमान खर्च करण्याचे बंधन घातले. २०२३ साठी सर्व कंपन्यांचा मिळून हा किमान आकडा ७० कोटी कॅनेडियन डॉलर होता.

एखाद्या नगराने सेवा व्यवसायांना आमंत्रण देताना या तीन टप्प्यांतील फरक ध्यानात घेणे अगत्याचे असते. केवळ खोदकामाच्या तेजीवर वसाहत उभारली तर ती तेजीबरोबरच ओस पडते. देखभाल आणि पुनर्वसनाची कामे करणारे व्यवसाय आकाराने लहान असतात, पण ते गावात मुळे धरतात.

कराचे गणित

तेल जवळ सापडले म्हणजे नगर आपोआप श्रीमंत होत नाही. अल्बर्टातील कररचनेनुसार विहीर आणि तेलवाहिनी यांवरील मालमत्ताकर ज्या पालिकेच्या हद्दीत ती मालमत्ता आहे तिला मिळतो. विहिरी असतात रानात, म्हणजे ग्रामीण पालिकेच्या हद्दीत. स्लेव्ह लेकच्या सभोवती लेसर स्लेव्ह रिव्हर ही स्वतंत्र ग्रामीण पालिका आहे. विहिरींचा कर जातो तिच्याकडे. विहिरीवर राबणाऱ्या कामगाराचे घर, त्याच्या मुलांची शाळेची वाट, पाणीपुरवठा, अग्निशमन, वाचनालय आणि बर्फावरील खेळांचे क्रीडागृह यांचा भार मात्र नगराच्या तिजोरीवर पडतो.

सेवा व्यवसायाचे यार्ड नगराच्या हद्दीत यावे यासाठी एवढी धडपड का, याचे उत्तर येथे मिळते. यार्ड म्हणजे कुंपण घातलेली मोठी मोकळी जागा, तिच्यात कार्यशाळा, कचेरी, वाहनतळ आणि नळांचे ढीग. या मालमत्तेवर निवासी दरापेक्षा अधिक दराने कर आकारता येतो. तथापि अनिवासी कराचा दर सर्वांत कमी निवासी दराच्या पाचपटीपेक्षा अधिक नसावा, अशी मर्यादा प्रांतिक कायद्याने घातली आहे.

यार्डांसाठी स्पर्धाही घरचीच आहे. नगराबाहेर मिट्सू येथे ग्रामीण पालिकेच्या हद्दीत औद्योगिक क्षेत्र आहे. तेथे जागा ऐसपैस मिळते आणि शेजाऱ्यांची तक्रार नसते. अशा वेळी नगर व ग्रामीण पालिका एकमेकांचे गिऱ्हाईक पळवू लागल्या तर दोघींच्याही पदरात कमीच पडते. शेजारी पालिकांनी रस्ते, अग्निशमन, कचरा यांसारख्या सेवांबाबत परस्परांत लेखी व्यवस्था करावी, अशी तरतूद अल्बर्टाच्या सुधारित पालिका कायद्यात करण्यात आली, ती याच कारणाने. स्लेव्ह लेकमध्ये या सहकार्याला आणखी एका घटनेने बळ दिले. तिचा उल्लेख पुढे येईल.

२०१९ मध्ये कायद्यात आणखी एक बदल झाला. अनिवासी मालमत्तेला पंधरा वर्षांपर्यंत करसवलत देण्याची किंवा कर पुढे ढकलण्याची मुभा पालिकांना मिळाली. ही मुभा अल्बर्टातील सर्वच पालिकांना असल्यामुळे तिच्यामुळे एखाद्या गावाला कायमचा वरचष्मा मिळत नाही. प्रांतात विक्रीकर नाही, ही सोयदेखील सर्वांना सारखीच. सवलतींच्या चढाओढीत प्रत्येक गाव आपलाच महसूल कमी करीत जाते आणि त्या महसुलातूनच व्हावयाची कामे मागे पडतात.

व्यावसायिक काय पाहतो?

सवलतीपेक्षा सेवा व्यावसायिकाला अंतर महत्त्वाचे वाटते. समजा, एखाद्या विहिरीवर निर्वात टँकरची गरज पडली. निर्वात टँकर म्हणजे गाळ व सांडलेले द्रव शोषून घेणारी गाडी. ती एडमंटनहून निघाली तर केवळ स्लेव्ह लेकपर्यंत पोहोचण्यातच सुमारे तीन तास जातात आणि परतीला तितकेच. वाहनचालकाने दिवसात किती तास गाडी चालवावी यावर कायद्याची मर्यादा आहे. सहा तास रस्त्यातच गेले तर प्रत्यक्ष कामाला उरतो थोडा वेळ. तेल कंपनीला प्रवासाचेही पैसे मोजावे लागतात. तीच गाडी गावातील यार्डातून निघाली तर एका दिवसात दोन विहिरींचे काम उरकते. हे गणित कोणत्याही जाहिरातीपेक्षा प्रभावी ठरते.

दुसरा प्रश्न ऋतूंचा. या भागातील बरीचशी जमीन मस्केग या नावाने ओळखली जाते. ही शेवाळाने भरलेली दलदल असून हिवाळ्यात ती गोठून दगडासारखी होते. अवजड रिग तेव्हाच तिच्यावरून नेता येते. आपल्याकडे पावसाळ्यात बांधकाम थांबते, तर तेथे कडाक्याच्या थंडीत कामाला उधाण येते आणि बर्फ वितळू लागला की, साधारणपणे मार्च ते मे या काळात, रस्त्यांवर वजनाची बंधने येऊन कामे ठप्प होतात. हा खंड दरवर्षी ठरलेला असतो. त्यामुळे व्यावसायिकाला हिवाळ्यात बारा-बारा तास राबणारी माणसे लागतात आणि वसंतात त्याच माणसांना धरून ठेवण्याची ऐपतही लागते.

तिसरी गरज तयार भूखंडाची. पाणी, वीज, सांडपाण्याची सोय आणि अवजड वाहन वळविता येईल असा रस्ता असलेला भूखंड हाती असेल तर काही महिन्यांत यार्ड उभे राहते. भूखंड विकसित करण्याचा खर्च मात्र आधी नगराला करावा लागतो. तेजीत मागणी येते म्हणून कर्ज काढून भूखंड पाडावेत आणि ते तयार होईपर्यंत मंदी यावी, हा प्रकार लहान गावांना नवा नाही. म्हणून शहाणे नगर एकदम मोठी वसाहत न आखता टप्प्याटप्प्याने भूखंड खुले करते.

चौथी गरज प्रशिक्षित मनुष्यबळाची. तेलक्षेत्रात काही ठिकाणी हायड्रोजन सल्फाइड हा प्राणघातक वायू असतो. त्यापासून बचावाचे प्रशिक्षण घेतल्याचा दाखला नसेल तर बहुतेक ठिकाणी कामगाराला विहिरीच्या जागेवर प्रवेशही मिळत नाही. यंत्रजोडारी, वेल्डिंग, अवजड वाहनांची दुरुस्ती ही कौशल्ये गावातच शिकता आली तर तरुणांना घर सोडावे लागत नाही. नॉर्दर्न लेक्स कॉलेज या सार्वजनिक महाविद्यालयाचे येथे केंद्र असणे नगराच्या पथ्यावर पडले आहे.

सरोवराचे मोल

वरील चारही गोष्टी पुरविणारी गावे इतरत्रही सापडतात. मग एखादा व्यावसायिक, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याचे कुशल कामगार, याच गावी का राहावेत? येथे सरोवराचे मोल कळते.

तेलक्षेत्रात काम करणारी असंख्य माणसे शिबिरात राहतात. दोन-तीन आठवडे काम करावयाचे आणि विमानाने किंवा गाडीने दूरच्या घरी परतावयाचे. त्यांचा पगार गावात खर्च होत नाही आणि त्यांची मुले गावच्या शाळेत येत नाहीत. गावातून त्यांच्या गाड्या फक्त जातात. नगराची अर्थव्यवस्था उभी राहते ती स्थायिक कुटुंबावर. जोडीदाराला नोकरी, मुलांना शाळा, आजारपणात रुग्णालय आणि सुटीच्या दिवशी चार आनंदाचे क्षण मिळाले तर कुटुंब राहते.

स्लेव्ह लेकजवळ प्रांतिक उद्यान आहे, डेव्हनशायर बीच हा पांढऱ्या वाळूचा लांब किनारा आहे, मासेमारी आहे. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या वाटेवर असल्यामुळे पक्षी-संशोधनाचे केंद्रही येथे आहे. एरवी पर्यटनाच्या पत्रकात शोभणाऱ्या या गोष्टी येथे औद्योगिक धोरणाचा भाग ठरतात. त्यातूनच एक जबाबदारीही येते. सरोवराचे पाणी किंवा काठ बिघडला तर पर्यटक तर जातीलच, शिवाय तेलसेवा व्यवसायाला धरून ठेवणारी कुटुंबेही जातील. गळती झाल्यास तत्काळ उपाय, टाक्यांभोवती बांध, दूषित पाण्याची योग्य विल्हेवाट यांबाबतचे कडक नियम म्हणूनच गावाच्या हिताचे आहेत.

१५ मे २०११

मे २०११ च्या मध्यास नगराच्या परिसरात वणवे पेटले. रविवारी, १५ मे रोजी, ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने वाहणाऱ्या वाऱ्याने आग थेट नगरात शिरली. सुमारे सात हजार रहिवाशांना हाताला लागेल ते घेऊन बाहेर पडावे लागले. नगराचा जवळपास तिसरा हिस्सा जळाला. नगर कार्यालय व वाचनालय असलेली इमारतही भस्मसात झाली. सुदैवाने एकाही रहिवाशाचा त्यात बळी गेला नाही. मात्र आग विझविण्याच्या कामावरील एका हेलिकॉप्टर वैमानिकाला प्राण गमवावे लागले. विमा कंपन्यांवरील भार ७० कोटी कॅनेडियन डॉलरच्या घरात गेला. त्या वेळी कॅनडाच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या विमा-दाव्यांच्या आपत्तींत तिची गणना झाली.

यानंतरचा प्रश्न जीवनमरणाचा होता. घर जळालेला कुशल कामगार विम्याची रक्कम घेऊन एडमंटनला निघून गेला तर व्यावसायिक कोणाच्या बळावर यार्ड चालविणार? आणि यार्डे गेली तर नगर पुन्हा कशासाठी बांधावयाचे? म्हणून पुनर्बांधणीत तात्पुरत्या घरांना अग्रक्रम देण्यात आला. नगर, ग्रामीण पालिका आणि सॉरिज फर्स्ट नेशन या मूळ रहिवाशांच्या शासनाने एकत्र येऊन त्रिपक्षीय परिषद स्थापन केली आणि मदतीचा विनियोग, नियोजन व वणवा-प्रतिबंध यांसाठी संयुक्तपणे काम केले. ज्या तिघांत एरवी हद्दीवरून वाद होऊ शकले असते, त्यांना आगीने एका मेजाभोवती बसविले.

जनगणनेचे आकडे या संदर्भात बोलके आहेत. नगराची लोकसंख्या २००६ मध्ये ६,७०३ होती, २०११ मध्ये ६,७८२, २०१६ मध्ये ६,६५१ आणि २०२१ मध्ये ६,८३६. वरवर पाहता पंधरा वर्षांत काहीच घडले नाही असे वाटावे. प्रत्यक्षात या काळात तिसरा हिस्सा नगर जळाले आणि तेलाच्या बाजारात दोन मोठ्या मंद्या येऊन गेल्या. एवढे होऊन नगर जागच्या जागी राहिले, हे लहान यश म्हणता येणार नाही.

मंदीचे दोन तडाखे

जून २०१४ मध्ये अमेरिकी बाजारात कच्च्या तेलाच्या एका पिंपाचा भाव १०० डॉलरहून अधिक होता. २०१६ च्या आरंभी तो ३० डॉलरच्या खाली आला. त्यातून सावरत असतानाच करोना महामारी आली आणि २० एप्रिल २०२० रोजी वायदे बाजारात हा भाव चक्क शून्याखाली, उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला.

तेल कंपनीकडे विहिरी आणि जमिनीखालचे तेल तरी उरते. सेवा व्यावसायिकाकडे उरतात उभी यंत्रे आणि त्यांच्यावरील कर्जाचे हप्ते. भाव पडताच तेल कंपन्या आधी नवे खोदकाम थांबवितात, मग सेवेचे दर कमी करून मागतात आणि शेवटी देयकांना विलंब लावतात. मंदीच्या काळात अल्बर्टातील ग्रामीण पालिकांनाही अडचणीतील तेल कंपन्यांकडून कोट्यवधी डॉलरचा कर येणे राहिला.

या काळात एका सरकारी योजनेने दिलासा दिला. २०२० मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने जुन्या विहिरी बंद करण्यासाठी १७० कोटी कॅनेडियन डॉलरचा निधी पश्चिमेकडील प्रांतांसाठी मंजूर केला. त्यातील १०० कोटी अल्बर्टात अनुदान म्हणून सेवा व्यावसायिकांमार्फत खर्च करावयाचे होते. नवे खोदकाम ठप्प असताना तिसऱ्या टप्प्यातील कामावर अनेकांनी माणसे टिकवून धरली.

क्लियरवॉटरची नवी पहाट आणि तिची मर्यादा

२०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्लेव्ह लेकच्या परिसरात, मार्टेन हिल्स व निपिसी भागात, क्लियरवॉटर या खडकथरातील जड तेलाकडे कंपन्यांचे लक्ष गेले. येथे एकच उभी विहीर खोदून तिच्यातून कंगव्याच्या दातांप्रमाणे अनेक आडव्या शाखा काढतात. खडक फोडण्यासाठी उच्च दाबाने पाणी व वाळू सोडण्याची गरज पडत नाही. थर फारसा खोल नाही, त्यामुळे खर्च कमी येतो आणि मंदीतही विहीर परवडू शकते. काही वर्षांतच या थरातून रोज एक लाख पिंपांहून अधिक तेल निघू लागले. मे २०२४ मध्ये ट्रान्स माउंटन तेलवाहिनीचा विस्तार सुरू होऊन पॅसिफिक किनाऱ्याची वाट रुंदावल्याने अल्बर्टाच्या जड तेलाला मिळणारा भावही सुधारला.

सेवा व्यवसायांना यातून काम मिळाले, परंतु पूर्वीसारखे नाही. खडक फोडण्याची मोठी पथके येथे लागत नाहीत. आरंभी तेल टँकरने वाहून नेतात, तेव्हा वाहतूकदारांची चलती असते. तेलवाहिनी टाकली की टँकर कमी होतात. पुढे थरात पाणी सोडून तेलाचा दाब टिकविण्याचे काम सुरू होते आणि देखभालीची कामे वाढतात. आज कोणते काम आहे यापेक्षा पाच वर्षांनी कोणते असेल, हा विचार करणाऱ्या नगरालाच आणि व्यावसायिकालाच अशा तेजीचा खरा लाभ होतो.

मूळ रहिवाशांचा सहभाग ही या प्रदेशातील आणखी एक महत्त्वाची बाब. सॉरिज फर्स्ट नेशनने तेलापासून मिळालेल्या उत्पन्नातून पूर्वीच हॉटेल व्यवसाय उभारला होता. जमिनीखालील संपत्ती संपण्यापूर्वी तिचे रूपांतर जमिनीवरील चालत्या धंद्यात करण्याचा तो दूरदर्शी प्रयत्न होता. २०१९ मध्ये अल्बर्टा सरकारने मूळ रहिवासी समुदायांना अशा प्रकल्पांत भागीदारी घेता यावी म्हणून कर्जहमी देणारे महामंडळ स्थापन केले. क्लियरवॉटर भागातील सोयींच्या मालकीतही त्याच्या साह्याने अनेक समुदाय सहभागी झाले.

बँकेच्या दृष्टिकोनातून

सेवा व्यावसायिकाची आर्थिक गरज दुहेरी असते. वाहने व यंत्रांसाठी मुदत कर्ज आणि पगार, इंधन, सुटे भाग यांसाठी खेळते भांडवल. पगार पंधरवड्याला द्यावा लागतो. देयकाचे पैसे मात्र दोन-तीन महिन्यांनी येतात. त्यामुळे येणी हेच त्याचे मुख्य तारण ठरते आणि ती येणी बहुधा दोन-तीन बड्या कंपन्यांकडेच असतात. एक कंपनी बुडाली तर सुस्थितीतील व्यावसायिकही अडचणीत येतो. विहिरीवर केलेल्या कामाचे पैसे न मिळाल्यास त्या मालमत्तेवर हक्काची नोंद करण्यास अल्बर्टाच्या कायद्यात ९० दिवसांची मुदत आहे. मुदत टळली की हे संरक्षण जाते. यंत्रांच्या तारणातही एक मेख आहे. मंदीत सर्वांचीच यंत्रे एकदम विक्रीस येतात, त्यामुळे मूल्यांकन अहवालातील किंमत बाजारात मिळत नाही.

अल्बर्टात या व्यवसायांना कर्ज देणाऱ्या संस्थांत १९३८ मध्ये स्थापन झालेली एटीबी ही प्रांतिक सरकारच्या मालकीची वित्तसंस्था प्रमुख आहे. रेडवॉटर एनर्जी या दिवाळखोर तेल कंपनीची ती तारणधारक धनको होती. कंपनीच्या चांगल्या विहिरी विकून कर्ज वसूल करावे आणि निकामी विहिरी सोडून द्याव्यात, असा विचार पुढे आला तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ३१ जानेवारी २०१९ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, दिवाळखोर कंपनीच्या मालमत्तेतून आधी विहिरी बंद करण्याची कायदेशीर जबाबदारी पार पाडली पाहिजे. धनकोंचा हक्क त्यानंतर. पर्यावरणाचे दायित्व हे ताळेबंदाखालील टीप न राहता कर्जवसुलीच्या आड येणारे वास्तव आहे, हे या निर्णयाने कर्जदात्यांच्या मनावर ठसविले.

अशा व्यवसायास कर्ज देताना काही प्रश्न विचारणे म्हणूनच इष्ट ठरते. उत्पन्नाचा किती भाग नव्या खोदकामावर आणि किती देखभालीवर अवलंबून आहे? सर्वांत मोठ्या ग्राहकाचा वाटा किती? कामे बंद असणाऱ्या महिन्यांचा विचार करून हप्ते ठरविले आहेत काय? तीच यंत्रे वनउद्योग, रस्ते किंवा अग्निशमनाच्या कामी येऊ शकतात काय? मालक व त्याचे कुशल कामगार गावात राहतात की शिबिरात? शेवटचा प्रश्न ताळेबंदात दिसत नाही. परंतु मंदीत कोण टिकेल याचा अंदाज त्यावरून पुष्कळसा बांधता येतो.

समारोप

स्लेव्ह लेकने तेल निर्माण केले नाही आणि त्याचा भावही त्याच्या हाती नाही. त्याच्या हाती होते ते तयार भूखंड, चांगला रस्ता, शेजाऱ्यांशी सलोखा, शिक्षणाची सोय आणि स्वच्छ सरोवर. तेजीत उद्योग कोठेही येतो. भाव पडल्यावर, घर जळाल्यावरही जो गाव सोडत नाही, तो येथे आपले घर आहे असे मानून राहिलेला असतो. खाणी, बंदरे, वीजप्रकल्प यांच्या आधाराने उभी असलेली आपल्या देशातील अनेक लहान गावेही याच वळणावर आहेत. त्यांच्या नगरपालिकांनी, उद्योजकांनी आणि त्यांना अर्थसाह्य करणाऱ्या बँकांनी यार्डाचा विचार करताना घराचाही विचार केला, तर गुंतवणूक सुरक्षित राहील आणि गावही राहील.